आठवड्याचे दोन दिवस कामाचे: ठाणे-नवी मुंबईत निवृत्तीनंतर काम आणि फुरसत यांची घडी कशी बसवावी

ठाण्यात किंवा नवी मुंबईत साठीच्या आसपासच्या कुणालाही विचारा, निवृत्तीनंतर काय करणार? उत्तर बहुतेक एकच येतं: थोडं काम, थोडी मजा. यातलं 'थोडं' म्हणजे आठवड्याला किती तास, हे मात्र कुणी मोजलेलं नसतं. मग दोनपैकी एक होतं. जुन्या ओळखीतून 'सल्लागार' म्हणून सुरू झालेलं काम सहा महिन्यांत पूर्ण वेळाची नोकरी होऊन बसतं, फक्त पगार निम्मा. नाही तर काम मिळतच नाही, आणि सोसायटी, बँक, नातवाची शाळा यांत दिवस कसा संपतो ते कळत नाही. म्हणून क्रम पाळा: आधी वेळ मोजा, मग पैशांचा खड्डा मोजा, आणि काम त्यानंतर शोधा.

वहीचे पंधरा दिवस

निवृत्तीचा पहिला महिना सोडून द्या. तो पीएफचे कागद, निरोपाची जेवणं आणि राहिलेल्या गाठीभेटी यांतच जातो. दुसऱ्या महिन्यात एक साधी वही घ्या, सकाळी सहा ते रात्री दहा असे अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने आखा आणि पंधरा दिवस रोज झोपण्यापूर्वी भरा. पाच खुणा पुरतात: घरचं काम, नातवंडं, सोसायटी-मंडळ, टीव्ही-मोबाइल आणि खरी फुरसत. टीव्हीला फुरसतीत धरू नका. धरलात तर हिशोब छान दिसतो आणि काहीच कळत नाही.

भरताना एक चूक हमखास होते. नातवाला शाळेच्या बसवरून आणणं म्हणजे वीस मिनिटं, असं लिहिलं जातं. प्रत्यक्षात बस साडेबाराला येणार म्हणून साडेअकरानंतर कुठे जाता येत नाही, आणि आल्यावर त्याचं जेवण, झोप, अभ्यास धरून अडीच वाजतात. म्हणजे बांधले गेले तीन तास. वहीत बांधलेले तास लिहायचे, केलेले नाहीत.

सोसायटीचं सचिवपद हा दुसरा गिळणारा रकाना. एरवी आठवड्याचे चार-पाच तास. पण इमारत पुनर्विकासाच्या तोंडावर असेल, आणि नौपाडा, पाचपाखाडीपासून वाशीतल्या सिडकोच्या जुन्या इमारतींपर्यंत तशा कितीतरी आहेत, तर वकील, आर्किटेक्ट, बिल्डर, महापालिका आणि रात्री अकराला फोन करणारे सभासद मिळून ती अख्खी नोकरीच होते. बिनपगारी. सचिवपद आणि अर्धवेळ काम यांपैकी तेव्हा एकच घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पंधरा दिवसांनी बेरीज करा. सकाळी दहा ते दुपारी चार या पट्ट्यात आठवड्यातून सलग चार तासांचे किती तुकडे मोकळे आहेत, एवढंच पाहा. दोन तुकडे असतील तर दोन दिवसांचं काम घ्या. एकही नसेल तर काम शोधण्याआधी घरात बोलणी करायची आहेत, त्याबद्दल पुढे.

खड्डा किती आहे

किती कमवायचं हे शेवटच्या पगारावरून ठरवू नका, खड्ड्यावरून, म्हणजे खर्च आणि येणारे पैसे यांतल्या फरकावरून ठरवा. ऐरोली किंवा कळव्यात स्वतःच्या घरात राहणाऱ्या जोडप्याचं एक उदाहरण घेऊ. मेंटेनन्स, वीज, गॅस, किराणा, दूध-भाजी, औषधं, कामवाल्या मावशी, रिक्षा धरून महिन्याला ४५,००० रुपये. वर्षातून एकदा येणारे खर्च वेगळे: आरोग्य विम्याचा हप्ता, गणपती, गावची फेरी, लग्नकार्यातले आहेर, एखादा दात. ते वर्षाला ९६,००० धरले तर महिन्याला ८,०००. लोक नेमके हेच धरत नाहीत आणि दर सप्टेंबरात एफडी मोडतात. एकूण ५३,०००.

आता येणारी बाजू. ईपीएसचे, म्हणजे खासगी नोकरीत पीएफबरोबर मिळणाऱ्या पेन्शनचे, ४,०००. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत कमाल मर्यादेइतके ३० लाख, ८.२ टक्क्यांनी वर्षाला २,४६,०००. ते दर तिमाहीला ६१,५०० असे येतात, म्हणजे महिन्याला २०,५००. बँकेतल्या २० लाखांच्या ठेवीवर साडेसहा टक्क्यांनी महिन्याला सुमारे १०,८००. एकूण ३५,३००. खड्डा १७,७०० रुपयांचा.

हा आकडा पाहून बऱ्याच जणांना हायसं वाटतं, कारण मनात ५०,००० चं ओझं असतं. पण पुढची पाच वर्षं पाहा. महागाई ६ टक्के धरली तर ५३,००० चे पाच वर्षांनी सुमारे ७१,००० होतात आणि बचत योजनेचं व्याज तेवढंच राहतं, कारण खातं उघडतानाचा दर पाच वर्षांसाठी बांधलेला असतो. म्हणजे खड्डा दुप्पट, आणि तुम्ही पाच वर्षांनी थकलेले. म्हणून पहिल्या पाच वर्षांत जमेल तर खड्ड्यापेक्षा जास्त कमवा आणि वरचे पैसे घरखर्चात मिसळू न देता वेगळ्या खात्यात टाका. कामाचे सगळे पैसे त्याच खात्यात घ्या. कराच्या वेळीही सोपं जातं.

बचत योजनेबद्दल दोन गोष्टी. साठीच्या आधी निवृत्त झालेल्यांना, वय ५५ पूर्ण असेल तर, निवृत्तीची रक्कम हाती आल्यापासून ३ महिन्यांच्या आत खातं उघडता येतं; मुदत चुकली तर साठीपर्यंत थांबा. आणि सगळे ३० लाख एकाच दिवशी अडकवू नका. वर्षाच्या आत खातं मोडलं तर दिलेलं व्याज कापून घेतात, एक ते दोन वर्षांत मुद्दलाच्या दीड टक्का आणि त्यानंतर एक टक्का जातो. दोन-तीन खाती केली तर अडचणीत एकच मोडावं लागतं.

खासगी नोकरीतून ५८ ला बाहेर पडताना 'पेन्शन साठीपर्यंत पुढे ढकला, वर्षाला ४ टक्के वाढेल' असा सल्ला मिळतो. गणित करून पाहा. दोन वर्षांचे २४ हप्ते सोडायचे आणि बदल्यात महिन्याला साधारण ८ टक्के जास्त. सोडलेले हप्ते भरून निघायला साठीनंतर २५ वर्षं लागतात. त्या दोन वर्षांत वर्गणी चालू ठेवणार असाल तर हिशोब वेगळा. नाही तर ५८ लाच घ्या.

कंपनीचा गट आरोग्य विमा शेवटच्या दिवशी संपतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज निवृत्तीच्या दोन महिने आधी द्या, म्हणजे जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाळ पुन्हा पहिल्यापासून मोजला जाण्याची भीती कमी. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्डावर उत्पन्नाची अट न ठेवता वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. आपल्या जवळचं कोणतं रुग्णालय यादीत आहे हे आजारी पडण्यापूर्वी पाहून ठेवा.

कोणतं काम फुरसतीशी जुळतं

कामाचा प्रकार निवडताना त्याचं कॅलेंडर पाहा. काही कामांना नैसर्गिक सुट्टी असते, काहींना नसते.

हिशोबनीसाचं उदाहरण घ्या. वाशीच्या एपीएमसीतल्या किंवा वागळे इस्टेटमधल्या छोट्या व्यापाऱ्याचं जीएसटीचं काम महिन्याच्या ११ आणि २० तारखेभोवती फिरतं: ११ ला विक्रीचं विवरण, २० ला कर भरून मुख्य विवरण. म्हणजे ७ ते २० धावपळ आणि २१ पासून महिनाअखेरपर्यंत मोकळीक. नाटकाची तिकिटं, गावची फेरी, डोळ्यांची तपासणी सगळं त्या दहा दिवसांत बसवा. असे तीन व्यापारी झेपतात. पाचवा घेतला की सगळ्यांची बिलं १० तारखेच्या रात्रीच येतात.

शिक्षकांचं कॅलेंडर वर्षाचं. दहावी-बारावीच्या शिकवणीचा जोर दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत, मार्चनंतर रान मोकळं. घरी क्लास घेणार असाल तर आधी सोसायटीला पत्र द्या आणि एका वेळी सहाच मुलं ठेवा. तक्रार बहुतेक वेळा लिफ्टमधल्या गर्दीची आणि दारासमोरच्या चपलांची असते, शिकवण्याची नसते.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांतून निवृत्त झालेल्या अभियंत्यांना, केमिस्टना छोट्या युनिटमध्ये मागणी असते: ऑडिटची कागदपत्रं तयार करणं, नव्या पोरांना शिकवणं, यंत्राच्या देखभालीचं वेळापत्रक बसवणं. इथे धोका एकच आणि मोठा. मालक म्हणतो, 'साहेब, तुमचं नाव मॅनेजर म्हणून लावू, बाकी आम्ही बघतो.' कारखान्यांच्या सुरक्षा कायद्यानुसार अपघात झाला तर कारखान्याचा अंतिम ताबा असलेला आणि मॅनेजर दोघांवर खटला होऊ शकतो. आठवड्यातून एक दिवस जाणाऱ्याने कारखान्याचा मॅनेजर, कंपनीचा संचालक किंवा कर्जाला जामीनदार यांपैकी कोणत्याही जागी सही करू नये. ओळख कितीही जुनी असो.

बँकेतून निवृत्त अधिकाऱ्यांना बँकाच समवर्ती लेखापरीक्षणासाठी, म्हणजे शाखेचे व्यवहार होत असतानाच तपासायला, घेतात. काम ठराविक, पण महिन्याचा अहवाल चुकत नाही. केंद्र सरकारच्या गट अ अधिकाऱ्यांना निवृत्तीनंतर एक वर्षाच्या आत खासगी नोकरी धरायची तर पूर्वपरवानगी लागते, तेव्हा होकार देण्याआधी नियम वाचा.

आणि टेलिग्रामवर येणारं 'घरबसल्या काम, रोज दोन हजार' हे काम नसतं. आधी नोंदणी फी मागणारा आणि पहिल्या दिवशी दीडशे रुपये खात्यात टाकून विश्वास मिळवणारा, दोघे एकाच जातकुळीतले. फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन करा. पहिल्या काही तासांत पैसे थोपवले जाण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

अंतराचा नियम

दारापासून दारापर्यंत ५० मिनिटांपेक्षा जास्त लागणारं काम नको. ठाणे ते वाशी लोकल सुमारे अर्धा तास, हे खरं. पण घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहणाऱ्याला ठाणे स्टेशन गाठायलाच त्याहून जास्त वेळ लागू शकतो, त्यावर स्टेशनातला पूल आणि जिने. त्याने मानपाडा, वागळे इथेच शोधावं. घणसोली, कोपरखैरणे, नेरूळकरांना महापे-रबाळे पट्टा जवळचा. खारघर-तळोज्याच्या लोकांना बेलापूर-पेंधर मेट्रोवरची ठिकाणं.

वेळ अकरा ते तीन मागा. सकाळी ठाण्याहून ऐरोली-घणसोलीकडे जाणाऱ्या गाड्यांना आयटी पार्कची गर्दी असते, संध्याकाळी तीच उलटी येते. लोकलमध्ये शौचालय नसतं, हेही लक्षात ठेवा. रक्तदाबासाठी लघवी जास्त होण्याची गोळी सकाळी घेणाऱ्यांनी प्रवासाच्या दिवशी ती केव्हा घ्यावी, हे डॉक्टरांना विचारून ठरवावं. परस्पर बंद करू नये.

दर आणि एका पानाचं पत्र

दर काढायची साधी रीत: शेवटचा महिन्याचा पगार भागिले २२ दिवस, भागिले ८ तास, गुणिले दीड. दीडपट यासाठी की आता पीएफ, रजा, विमा काही नाही. पगार ८०,००० असेल तर तासाला ४५५, दीडपटीने सुमारे ६८०, ७०० सांगा. वरचा १७,७०० चा खड्डा भरायला महिन्याला २६ तास पुरतात, आठवड्याला जेमतेम सहा. दोन दिवस अकरा ते तीन, त्यात जेवण आणि गप्पांचा एक-एक तास गेला तरी हिशोब बसतो.

ओळखीच्या माणसाकडे दर सांगायला जीभ रेटत नाही, आणि 'बघू नंतर' म्हटलं की ते नंतर कधी येत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यातच एका पानाचं पत्र द्या. त्यात एवढंच असू दे: कोणते वार, कोणत्या वेळा, महिन्याचे किती तास आणि त्यावर तासाचा दर, बिल ३० तारखेला, पैसे ७ तारखेच्या आत, प्रवासखर्च वेगळा, फोन फक्त कामाच्या दिवशी दहा ते सहा, कोणत्याही वैधानिक कागदावर सही नाही, दोन्ही बाजूंनी एक महिन्याची नोटीस. मुदत ६ महिन्यांची ठेवा, वर्षाची नको. कामासाठी वेगळं सिम घेतलं तर फोनचं कलम पाळता येतं. एकाच नंबरवर मालक आणि भाऊबंद दोघे असले की रविवारच्या गप्पांत चलनाचा फोटो येतो.

कर: कमाई कमी असली तरी

नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या एकूण उत्पन्नावर कर शून्य होतो. त्यामुळे इथल्या बहुतेक जोडप्यांचा कर निघत नाही, पण कागद सुटत नाहीत.

एकाच कंपनीकडून वर्षाला ५०,००० पेक्षा जास्त व्यावसायिक फी घेतली की ती साधारण १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) कापते. तो परत मिळवायला विवरणपत्र भरावंच लागतं. साठी पूर्ण झालेल्याला, धंदा-व्यवसायाचं उत्पन्न नसेल तर, आगाऊ कर भरावा लागत नाही. फी सुरू झाली की ही सवलत जाते. टीडीएस वजा जाता १०,००० किंवा अधिक कर निघत असेल तर आगाऊ कर लागतो. अभियांत्रिकी, लेखा, तांत्रिक सल्ला अशा ठरावीक व्यवसायांत मिळालेल्या फीच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरण्याची अनुमानित योजना घेतली, तर हिशोबाच्या वह्या ठेवाव्या लागत नाहीत आणि आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एका हप्त्यात चालतो.

चूक होते ती एप्रिलमध्ये. 'माझ्या उत्पन्नावर कर नाही, व्याजावर टीडीएस कापू नका' असं घोषणापत्र बँकेत सवयीने दिलं जातं आणि जूनमध्ये काम सुरू होतं. शेअर विकून झालेल्या नफ्यालाही १२ लाखांची सूट तशीच्या तशी लागत नाही. म्हणून काम घेतल्यावर वर्षाचा अंदाज नव्याने काढा. जुनी करप्रणाली हवी असेल तर आणखी सावध: व्यवसायाचं उत्पन्न असणाऱ्याला दर वर्षी इकडून तिकडे उड्या मारता येत नाहीत.

महाराष्ट्रातला व्यवसाय कर स्वतंत्र सल्लागारालाही लागतो, वर्षाला २,५००. पासष्टी ओलांडली की तो माफ. जीएसटीची नोंदणी सेवांसाठी २० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही; कंपनीचा अकाउंटंट 'जीएसटी नंबर द्या' म्हणाला तर हे सांगा.

फुरसत आधी लिहा

कामाचे दोन दिवस सोमवार-मंगळवार किंवा मंगळवार-बुधवार असे लागून घ्या. सोमवार आणि गुरुवार असे पसरले की मधले दिवसही कामाचेच होतात आणि चार दिवस सलग कुठे जाता येत नाही. लागून घेतले की बुधवार संध्याकाळ ते रविवार मोकळं मिळतं.

मग फुरसतीला वार आणि वेळ द्या, कामासारखीच. 'कधीतरी येऊरला जाऊ' हे होत नाही. 'शुक्रवारी साडेसहाला कचराळी तलावावर, तिघे जण' हे होतं. एकट्याची फुरसत पहिल्या पावसात बुडते, म्हणून प्रत्येक गोष्टीला किमान एक सोबती हवा. ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, तिथलं सभासदत्व आठवड्यातून एक फेरी घडवतं. गडकरी रंगायतन, घाणेकर किंवा वाशीचं विष्णुदास भावे, जे जवळ असेल तिथे महिन्याचं एक नाटक बांधून घ्या. नवी मुंबईत महापालिकेची ज्येष्ठ नागरिक विरंगुळा केंद्रं आहेत. जाण्याआधी एकदा नुसतं पाहून या, कारण कुठे कॅरम आणि राजकारण रंगतं तर कुठे गाणं, आणि आपला सूर जुळेलच असं नाही. हिवाळ्यात ऐरोलीच्या खाडीकिनारी जैवविविधता केंद्रातून फ्लेमिंगो पाहायला बोट जाते. तिची वेळ भरतीवर ठरते, म्हणून वार आधी ठरवून चालत नाही. त्या दिवसाची भरती पाहून बेत करा.

प्रवासाचा हिशोब: एसटीत ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट, ७५ च्या पुढे मोफत, राज्याच्या हद्दीत. आधार कार्ड मूळ ठेवा. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, पण खालच्या बर्थचा कोटा आहे: पुरुष ६०, महिला ४५ पासून. एका तिकिटावर दोनच नावं टाका. तिसरं नाव आलं की कोटा लागू होत नाही. मे आणि दिवाळी सोडून कोकणात आडवारी गेलात तर खोलीही स्वस्त मिळते. आडवारी मोकळं असणं हीच तर या वयाची श्रीमंती.

घरातली बोलणी

नवऱ्याची निवृत्ती म्हणजे बायकोला दुपारचा एक जास्तीचा चहा, दोन वेळची जास्तीची भांडी आणि तिच्या मोकळ्या दुपारचा शेवट, असं अनेक घरांत होतं. तिची निवृत्ती कुणी जाहीर केलेली नसते. म्हणून आठवड्याच्या आखणीत दोघांचे रकाने हवेत. मदत करतो म्हणू नका. एक काम पूर्ण घ्या, उदाहरणार्थ रात्रीचं जेवण: काय करायचं ते ठरवणं, भाजी आणणं, करणं, ओटा पुसणं, सगळं.

मुलगा-सुनेशी नातवंडांचं बोलणं सणाच्या दिवशी नको, शांतपणे एखाद्या रविवारी करा. 'सांभाळणार नाही' असं म्हणायचं नसतं. 'बुधवार ते शुक्रवार आम्ही आहोत, सोम-मंगळ पाळणाघर बघा' असं वार घेऊन सांगायचं. शाळेची प्रवेशप्रक्रिया सुरू होण्याआधी सांगितलं तर त्यांना तजवीज करता येते. जूनमध्ये सांगितलं तर भांडण होतं, आणि चूक तुमची असते.

दर तीन महिन्यांनी

जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर: आठवडाभर पुन्हा वही भरा. नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला विसरू नका. ऐंशी ओलांडलेल्या सरकारी पेन्शनरांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, आणि ईपीएसवाल्यांचा दिल्या दिवसापासून वर्षभर चालतो.

वहीत तीन गोष्टी शोधा. कामाचे तास ठरल्यापेक्षा दीडपट झालेत का? ठरलेली फुरसत महिन्यातून दोनदा बुडाली का? पैसे ७ तारखेनंतर सलग दोन महिने आलेत का? एकाला 'हो' असेल तर पत्र काढून बोला. दोनांना असेल तर नोटीस द्या. नजर, कान किंवा गुडघे यांमुळे कामात चूक होऊ लागली तर तीन महिन्यांची वाटही पाहू नका.

सोडताना महिनाभरात एक फाइल तयार करा: कोणतं काम कोणत्या तारखेला, कुणाला फोन करायचा, कागद कुठे ठेवलेत. पासवर्ड मालकासमोर बदलून द्या, कपाटाच्या किल्ल्यांची पोच लेखी घ्या, शेवटचं बिल आणि टीडीएसचा दाखला मागून घ्या. आणि त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून त्याच संध्याकाळी बाहेर पडा, नाही तर पुढची दोन वर्षं फुकटचा सल्ला देत बसाल.